दहा पावलं आधी

आळीत केक म्हटला की मटिल्डा, हे अठरा वर्षं ठरून गेलेलं होतं. बाप्तिस्मा असो, पहिलं कम्युनियन असो की लग्न, बर्नार्डच्या बायकोच्या हातचा केक नसेल तर कार्यात काहीतरी उणं राहिलं, असं लोक म्हणत. लोक म्हणत की तीच म्हणवून घेई, हा प्रश्न वेगळा. केक एकमजलीच असायचा: घोड्याच्या नालेसारखा, बदामासारखा, फार तर उघड्या पुस्तकासारखा. तिला कुणी शिकवलं नव्हतं. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालून, झाकणावर निखारे ठेवून, शेजारच्या कोंबड्यांची निदान चार डझन अंडी वाया घालवून ती आपली आपणच शिकली होती.

आणि मग क्लेमेंटीन वांद्र्याला जाऊन आली.

क्लेमेंटीन म्हणजे मटिल्डाची धाकटी जाऊ, मायकलची बायको. अंगण एक, चुली दोन. एकोणऐंशी सालच्या पावसाळ्यात तिने वांद्र्याला कुणा बाईंच्या घरी सहा आठवड्यांचा क्लास केला आणि येताना पिशवीतून आठ पांढरे खांब आणले. वीतभर उंच, देवळाच्या दारावर असतात तसे नक्षीदार. खालच्या केकवर चार खांब, त्यांच्यावर दुसरा केक, त्याच्यावर आणखी चार खांब आणि सगळ्यात वर तिसरा केक. क्लेमेंटीनने ते अंगणात पाटावर उभे करून दाखवले. मटिल्डा म्हणाली, "छान आहेत गं." ते आठही खांब त्या दिवसापासून तिच्या पोटात उभे राहिले.

घरात आल्यावर ती बर्नार्डला म्हणाली, "केक आहे की माडी? खायचा की भाड्याने द्यायचा?"

बर्नार्ड केळीच्या पानांच्या जुड्या बांधत होता. तो हसला नाही. नवऱ्याने योग्य वेळी न हसणं हेही एक मत असतं, हे मटिल्डाला पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीनंतर विनीचं लग्न ठरलं. विनी म्हणजे दोघींच्या नणंदेची, होळी गावात दिलेल्या फ्लॉसीची मुलगी आणि मटिल्डाची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मटिल्डाने हातांवर धरलं होतं, आणि पोरीने तेव्हाच तिच्या नव्या लुगड्यावर काय करायचं ते केलं होतं. या घराण्यात नवरीचा केक धर्ममातेने आणायचा. नुसता आणायचा नाही, मिरवत आणायचा: टांग्यात उघडा ठेवून, वाजंत्री असलेल्या मंडपाच्या दारापर्यंत. वाटेवरची माणसं फाटकाशी येऊन उभी राहायची आणि केक पुढे गेला की त्याच्यावर बोलायची.

विनी पेढे घेऊन आली आणि मटिल्डाच्या गळ्यात पडून म्हणाली, "मोठ्या मामी, केक तुम्हीच आणायचा हं."

"मग कोण आणणार? मी तर नक्षीही ठरवून ठेवलीय. उघडं पुस्तक, एका पानावर तू, दुसऱ्यावर तो."

विनीने गळ्यातले हात काढून घेतले. "आणायचा तुम्ही," ती म्हणाली. "बनवणार धाकट्या मामी. खांबांचा. त्यांच्याकडच्यांनी कधी पाहिला नाहीये ना."

मटिल्डाने पेढा तोंडात घातला होता. तो तिने बराच वेळ चावला.

म्हणजे करणार एक आणि टांग्यात बसून सवतीचं पोर मिरवावं तसा तो मिरवणार दुसरी. रात्री अंथरुणावर पडली की तिला तो तीनमजली केक दिसे आणि प्रत्येक वेळी तो पडे. कधी डाव्या अंगाला, कधी उजव्या. पडला की तिला झोप लागे.

याच दिवसांत तिची लिडिया दहावीला होती. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी ती पाठांतर करी आणि मटिल्डाने समोर पुस्तक धरून चुका काढायच्या, अशी दोघींची पद्धत होती. मटिल्डाची शाळा सातवीला सुटली होती. पुस्तक धरलं की तिला वाटे, आपण दारात उभ्या आहोत, आत या असं कुणी म्हणत नाही, पण दार तर उघडंच आहे.

"घे," लिडिया म्हणाली आणि डोळे मिटून सुरू झाली. "बाहेरून बळ लावलं नाही तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने चालत राहते. वस्तूच्या या गुणधर्माला जडत्व म्हणतात. बरोबर?"

"बरोबर. पण म्हणजे काय गं?"

"म्हणजे काय, म्हणजे काय? असंच लिहायचं असतं. तीन मार्कांना येतं."

लिडिया शाळेत गेली. मटिल्डा पुस्तक हातात धरून ओसरीवरच बसून राहिली. म्हणजे काय ते तिला हळूहळू दिसायला लागलं होतं, आणि ते तिच्या ओळखीचं निघालं.

लग्न होऊन आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सासू रोझलिन तिला डोक्यावर भाजीची टोपली देऊन वसईच्या बाजाराला घेऊन गेली. वाटेत कुणीतरी हाक मारली म्हणून मटिल्डा जागच्या जागी थांबली. ती थांबली, पण वरचे दुधी थांबले नाहीत. ते तिच्या नाकासमोरून पुढे गेले आणि गटारात पडले. रोझलिन ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरी, तू थांबलीस ते दुध्यांना कुणी सांगितलं? थांबायचं असेल तर दहा पावलं आधी थांबायला लाग. निघायचं असेल तर निघाल्यासारखं वाटू देऊ नको."

म्हाताऱ्या सासूला सातवीसुद्धा माहीत नव्हती. आणि हे सगळं कुणा गोऱ्या माणसाच्या नावावर छापून आलं होतं. मटिल्डाला त्या न्यूटनचाही थोडा हेवा वाटला. तिचा हेवा असा मोठ्या मनाचा होता, त्यात सगळ्यांना जागा असे.

पुढचा नियम तिने स्वतःच वाचून काढला. वजन जितकं जास्त, तितकं त्याला हलवायला बळ जास्त, आणि थांबवायलाही तितकंच. थांबवणं झटक्यात केलं तर बळ फार लागतं, सावकाश केलं तर थोडकं पुरतं. दहा पावलं म्हणजे तेच. तिसरा नियम होता की आपण ज्याला ढकलतो तो आपल्याला तेवढ्याच जोराने उलट ढकलतो. हे समजायला तिला पुस्तकाची गरज नव्हती, एकाच अंगणात जाऊ होती.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भांडी घासताना तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. टांगा. टांगा निघताना झटका देतो. खालचा केक टांग्याबरोबर निघेल. वरचा निघणार नाही, तो आपल्या जागी राहील आणि खालचे खांब त्याच्याखालून निघून जातील. टांगा थांबला की उलट. वळला की बाहेर. रोज रात्री अंथरुणात पडणारा केक खरोखरच पडणार होता. तिला इतका आनंद झाला की तिने तांब्या दुसऱ्यांदा घासला.

मग तिच्या लक्षात आलं की टांग्यात आपण असणार आहोत. केक पडला तर खांब कुणी बघणार नाही. मटिल्डाने पाडला, असंच सगळी होळी म्हणेल. आणि मटिल्डा जळते हे तर कोंबड्यांनाही माहीत होतं.

जानेवारीत लग्नाच्या आदल्या दिवशी क्लेमेंटीनच्या टेबलावर केक उभा राहिला. लोणी-साखरेचं आयसिंग, इतकं गुळगुळीत की माशी बसली असती तर घसरली असती. खालच्या मजल्यावर गुलाब, मधल्यावर गुलाब, वर साखरेचे नवरा-नवरी. मटिल्डाने त्यात चूक शोधली. सापडली नाही. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

"क्लेमे," ती म्हणाली, "तिन्ही वेगवेगळे नेऊ या. तीन डब्यांत. तिथे गेल्यावर चढव."

क्लेमेंटीन कागदाच्या पुंगळीतलं आयसिंग पुसत होती. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "आणि वाटेत लोक काय बघणार, मोठीबाय? डबे?"

"लोक मंडपात बघतील."

"तुमचे केक अठरा वर्षं उघडे मिरवले. माझी पाळी आली की डब्यात?"

"तुझा वरचा मजला राहणार नाही. टांगा निघाला की तो मागे राहील, थांबला की पुढे जाईल. जडत्व असतं ते."

"काय असतं?"

"जडत्व."

ओसरीवरून बर्नार्ड म्हणाला, "घ्या. आता हिचाही दहावीचा फॉर्म भरा."

क्लेमेंटीन हसली, पण डोळ्यांनी नाही. "पुस्तकात काय म्हणतात मला ठाऊक नाही, मोठीबाय. आमच्या माहेरी त्याला पोटदुखी म्हणतात."

 पंचाईत अशी होती की मटिल्डा म्हणाली ते पूर्ण खरं होतं आणि क्लेमेंटीन म्हणाली तेही पूर्ण खरं होतं.

सकाळी देवळात फादरनी लग्न लावलं. दुपारी तीन वाजता एकनाथचा टांगा अंगणात आला. मटिल्डाने त्याला दोन्ही बाकांमधली पाठ काढायला लावली, बाकांवर फळी टाकली आणि फळीवर ओलं गोणपाट अंथरलं, म्हणजे केकचा पाट सरकायला नको. चौघांनी मिळून केक चढवला. मागच्या वजनाने टांगा मागे कलून उलाळ व्हायला लागला, तेव्हा ती पुढे एकनाथशेजारी बसली, पण घोड्याकडे पाठ करून. केक तिच्यासमोर, तोंडासमोर तोंड.

"एकनाथ, निघायचं ते असं की घोड्यालासुद्धा कळता कामा नये. आणि थांबायचं असेल तिथे दहा पावलं आधीपासून थांबायला लाग."

"वयनी, केक आहे की बाळंतीण?" एकनाथ म्हणाला, पण त्याने घोड्याला चालवत नेलं.

टांग्यामागून मायकलची सायकल निघाली. मागच्या कॅरियरवर आडवी बसून, मांडीवर उरलेल्या आयसिंगचा डबा घेऊन, क्लेमेंटीन. त्यामुळे वाटभर मटिल्डाला साखरेच्या नवरा-नवरीच्या डोक्यांच्या मधोमध जावेचा चेहरा दिसत राहिला.

फाटकांशी माणसं उभी होती. "अगं बाई, खांब बघ." "देऊळच केलंय गं." "कुणी केला?" आणि प्रत्येक फाटकाशी, मटिल्डाच्या देखत, "क्लेमेंटीनने." म्हातारी भागूबाई आपल्या वाडीच्या कुंपणाला धरून उभी होती. ती म्हणाली, "मटिल्डे, तुला असला नाय जमायचा कधी." तिच्या मनात काही नव्हतं. मनात काही नसलेल्या माणसांचंच जास्त लागतं.

क्रूसापाशी वळण होतं. मटिल्डाने आधीच हात उचलला आणि बाहेरच्या बाजूने तिसऱ्या मजल्याच्या जवळ, आयसिंगला न लागेल असा धरला. टांगा डावीकडे वळला. वरचा केक केसभर उजवीकडे सरकला, तिच्या तळहाताच्या दिशेने, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा. मग स्थिर झाला. इतकंच. तिला पाहायचं होतं ते तिने पाहिलं होतं. आता पुढची सरळ वाट आणि मंडपाच्या दारातलं थांबणं.

तिथे तिच्या मनात ते आलं.

तिला काहीच करावं लागणार नव्हतं. ढकलायचं नाही, बोटसुद्धा लावायचं नाही. फक्त हात लावायचा नाही. पुढचं सगळं न्यूटन बघून घेणार होता. कन्फेशनला फादर विचारतील तेव्हा ती म्हणू शकली असती, "मी काही केलं नाही, फादर," आणि ते अक्षरशः खरं असतं. दोष तिच्यावर येईल हे तिला माहीत होतं. पण त्या क्षणी तिला वाटलं, येऊ दे. मला अर्धं गाव नावं ठेवील, पण खांब पुन्हा कुणी मागणार नाही.

मटिल्डाने दोन्ही हात मांडीवर घेतले, एकावर एक.

नवरा-नवरीच्या डोक्यांमधून क्लेमेंटीनने ते पाहिलं. तिचं तोंड उघडलं. पण तेवढ्यात वाळूत सायकलचं चाक रुतलं, मायकलने पाय टेकले आणि ती दोघं मागे पडत गेली, लहान होत गेली. क्लेमेंटीन डबा छातीशी धरून टांग्यामागे पळत सुटली. नवी साडी, उंच टाचांचे सँडल, वाळू. मटिल्डाला ते सगळं दिसत होतं. पळणारी क्लेमेंटीन म्हणजे दुधी गटारात पडताना पाहणारी एकोणीस वर्षांची पोर होती. तिने एक हात पुढे केला होता, आणि तो कुठेच पोचणार नव्हता.

"आलो, वयनी, थांबायला लागतो," एकनाथ म्हणाला आणि लगाम हलकेच ओढू लागला. एक पाऊल, दोन, तीन.

मंडपाच्या दारात गॅब्रिएल मास्तर आपले वाजंत्रीवाले घेऊन तयार होता. टांगा दिसताच त्याने हात वर केला आणि दोन कर्णे, एक ताशा एकदम कडाडले. घोड्याला दहा पावलांचं काही सांगितलेलं नव्हतं, निदान त्याला पटलेलं नव्हतं. तो चौथ्या पावलावर चारी पाय रोवून उभा राहिला.

टांगा थांबला. केक थांबला नाही. वरचा मजला खांबांवरून निघाला आणि सरळ मटिल्डाच्या तोंडावर आला.

तिचे हात मांडीवर होते. नंतर ते तिथे नव्हते. उजवा पंजा पाची बोटं पसरून आयसिंगमध्ये रुतला, डावा मधल्या मजल्याखाली गेला, पाठ टांग्याच्या दांड्यावर आपटली. तिने जावेच्या केकला जेवढ्या जोराने थोपवलं, तेवढ्याच जोराने केकने तिला मागे रेटलं. क्षणभर दोघं कुणीच हललं नाही. मग वरचा मजला तिच्या तळहातात विसावला, खांबांवर दोन बोटं पुढे येऊन, पण उभा.

लोकांनी पाहिलं ते एवढंच: धर्ममाता टांग्यात बसलीय आणि तिचा हात मनगटापर्यंत केकमध्ये आहे.

वाजंत्री थांबली. फ्लॉसी पुढे आली. "मटिल्डा, हे काय?"

"घोडा थांबला," मटिल्डा म्हणाली.

"घोडा थांबला म्हणून तू हात घातलास?"

मागे कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "राहवलं नाही बिचारीला." तेवढ्यात क्लेमेंटीन पोचली, एक सँडल हातात. तिने केकवरचे पाच खड्डे पाहिले. मग जावेकडे पाहिलं. "मी पाहिलं होतं," ती धापा टाकत म्हणाली. "वळण गेल्यावर. तुमचं मन मी पाहिलं होतं, मोठीबाय."

 खोटं असतं तर मटिल्डा भांडली असती.

केक उतरवून टेबलावर ठेवला. विनीच्या डोळ्यांत पाणी होतं, बायका कुजबुजत होत्या. लिडिया मात्र केकभोवती फिरत होती. एकदा समोरून, एकदा बाजूने. ती वाकून खांबांकडे बघत राहिली.

"काकी," ती म्हणाली, "आईचा हात कुठल्या बाजूला लागलाय?"

"दिसत नाही का? पुढून. घोड्याच्या बाजूने."

"आणि वरचा केक सरकलाय कुठे?"

क्लेमेंटीनने पाहिलं. खांब मागच्या बाजूला दोन बोटं उघडे पडले होते. "पुढे."

"म्हणजे हाताच्याच बाजूला. आईने पुढून ढकलला असता तर तो मागे गेला असता ना? तो पुढे आलाय. म्हणजे तो आपला आपण येत होता आणि हात त्याच्या वाटेत होता." लिडियाने सवयीने डोळे मिटले. "बाहेरून बळ लावलं नाही तर चालती वस्तू सरळ रेषेत चालत..." आणि ती थांबली. डोळे उघडून तिने आईकडे पाहिलं. "आई, म्हणजे हे असं असतं?"

"तीन मार्कांना येतं," मटिल्डा म्हणाली.

बायकांचा विश्वास बसायला जरा वेळ लागला. एकनाथने दोनदा साक्ष दिली, दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा रंगवून. तो पाठ करून बसलेला होता आणि त्याने काही पाहिलेलं नव्हतं, पण साक्ष चांगली दिली. फ्लॉसी पाणी घेऊन आली. विनीने येऊन मटिल्डाच्या दंडाला धरलं.

क्लेमेंटीन मात्र तिथेच उभी होती. सगळे जरा पांगल्यावर ती हळूच म्हणाली, "पण तुम्ही हात मांडीवर घेतले होते."

"घेतले होते."

"मुद्दाम."

"मुद्दाम."

"मग?"

"मग उचलले."

 क्लेमेंटीनने डबा उघडला, पुंगळीत आयसिंग भरलं आणि वरचा केक दोन्ही हातांनी जागेवर सरकवला. पाच खड्डे तिने एकेक करून निरखले. मग पुंगळी मटिल्डापुढे धरली. "गुलाब काढा. खड्डे तुमचे आहेत, बुजवा तुम्हीच."

"माझ्या गुलाबांचे कोबी होतात, तुला माहितीय."

"माहितीय," क्लेमेंटीन म्हणाली. "काढा."

मटिल्डाने पाच गुलाब काढले. चार कोबी झाले, एक बरा झाला. संध्याकाळी लोक केकभोवती जमले तेव्हा वराकडच्या कुणी बाईंनी क्लेमेंटीनचा हात हातात घेऊन तिच्या गुलाबांची तारीफ केली. त्यांनी बोट दाखवलं ते खालच्या मजल्याकडे. वरच्या पाचांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मटिल्डा जवळच उभी होती. पोटातल्या आठ खांबांतला एकही हललेला नव्हता. बाहेरून बळ लागल्याशिवाय कशाला हलतील.

परतताना टांगा नव्हता. मटिल्डाने रिकामी फळी डोक्यावर घेतली, तिच्यावर धुतलेले खांब गोणपाटात गुंडाळून ठेवले. शेजारून क्लेमेंटीन अनवाणी चालत होती, सँडल हातात.  मटिल्डाला एक विचारायचं होतं: चार खांबांवर पाट समतल कसा बसवतात? आज तिची जीभ वळली नसती. पण घर यायला अजून अवकाश होता, आणि तिच्याही नकळत तिची पावलं आवरती झाली होती.

"हळू का चालताय?" क्लेमेंटीनने विचारलं. "दमलात?"

"डोक्यावर तुझे खांब आहेत," मटिल्डा म्हणाली. "एकदम थांबून चालत नाही."